ओठ मिटले नाहीत

वरच्या मजल्यावर फरशी उखडत होते. सकाळपासून छिन्नी चालली होती आणि मधूनमधून ते भोक पाडायचं यंत्र. कपाटातल्या बशा एकमेकींना लागून किणकिणत होत्या. अकरा वाजता मोबाइलवरचा शेअरबाजाराचा वर्ग सुरू झाला तेव्हा मी नेहमीसारखी वही उघडून, पेन्सिलीला टोक काढून, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून बसले होते. सरांचा चेहरा पडद्यावर आला. निळा सदरा, मागे पुस्तकांचं कपाट. पण त्यांचा एक शब्द कानावर पडेल तर शपथ. आवाज होता तेवढा वाढवला, तरी त्या घरघरीत सगळं बुडत होतं. शेवटी वैतागून मी आवाज पूर्ण बंद केला, आणि एकतीस वर्षं जे करत आले तेच केलं. तोंडाकडे बघत बसले. आणि त्या तोंडातून काहीच येईना.

मी कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवत होते. ज्यांना ऐकू येत नाही अशा मुलांना बोलायला आणि समोरच्याच्या ओठांवरून बोलणं वाचायला शिकवणं हे माझं काम. त्या कामात पाच अक्षरांशी फार जवळचा संबंध येतो. बाकीची अक्षरं तोंडाच्या आत घडतात. क घशाशी, ट टाळूशी, त दातांशी. बघणाऱ्याला ती अर्धीमुर्धी दिसतात, काही तर दिसतच नाहीत. पण प, फ, ब, भ आणि म ही पाच दारातच उभी असतात. ओठाला ओठ लागल्याशिवाय ती म्हणताच येत नाहीत. आरशासमोर उभं राहून, ओठ न मिटता 'बाबा' म्हणून बघावं. कितीही शहाणा माणूस असला तरी त्याचा 'आआ' होतो. सरांच्या चित्राखाली त्यांचं बोलणं अक्षरांत सरकत होतं. 'पैशाला पैसा ओढतो, पण भीती माणसाला मागे ओढते.' मी मोजलं. त्या एका वाक्यात ओठ सहा वेळा मिटायला हवे होते. एकदाही मिटले नाहीत. नुसते हलत होते, काचेच्या टाकीतल्या माशासारखे.

प्रथम मला वाटलं, नेट हळू असेल. चित्र पुढे, आवाज मागे, असं होतं. पण मग उशिरा का होईना, मिटायला हवेत. मी डोळे ओठांवर ठेवले आणि खालची अक्षरं डोळ्यांच्या कडेने वाचत राहिले. 'बाजार', 'भाव', 'माझ्या मुलांसारखे'. सर आम्हाला नेहमी तसं म्हणत, तुम्ही माझ्या मुलांसारखे. त्या मुलांवरही ओठ मिटले नाहीत. म्हणजे हा माणूस हे बोलत नव्हता. कोणीतरी कुठेतरी हे बोलत होतं आणि या माणसाचं तोंड त्याला जोडलं होतं. हा माणूस कधीकाळी कुठेतरी खरा असेल, निळा सदरा घालून दुसऱ्याच कशाबद्दल बोलला असेल, की तेवढाही नसेल, देव जाणे. दोन महिने रोज अकराला मी ज्याला 'नमस्कार सर' लिहीत होते, तो नव्हताच.

खात्री करून घ्यायची खोड जात नाही. मी वर्गाच्या गटात लिहिलं, 'सर, ओठ नीट दिसत नाहीत. एकदा कॅमेऱ्याकडे बघून "पिंप" म्हणाल का?' पाठवलं आणि मलाच हसू आलं. लगेच उत्तरं आली. 'ताई, वर्गाची शिस्त पाळा.' 'काकू, सरांचा वेळ मोलाचा आहे.' 'अशा लोकांमुळे सगळ्यांचं नुकसान होतं.' एकाने विचारलं, 'पिंप कोणती कंपनी आहे? आज घ्यायची का?' तो बिचारा माझ्यासारखाच असणार. शंभर-दीडशे जणांच्या त्या गटात बहुधा तो, मी आणि एखाददुसरं कोणी, एवढीच खरी माणसं. त्याला काही लिहावं म्हणून मी अक्षरं शोधत होते तेवढ्यात पडद्यावर पाटी आली: तुम्हाला या गटातून काढण्यात आलं आहे. एकतीस वर्षांत मी एकाही मुलाला वर्गाबाहेर उभं केलं नव्हतं. ऐकणाऱ्या मुलाला बाहेर काढलं तर त्याला दाराआडून थोडं तरी ऐकू येतं. आमच्या मुलांचं दार बंद झालं की जगच बंद होतं. त्या पाटीकडे बघताना मला पहिल्यांदा समजलं, ते कसं असतं.

मग मी त्यांनी पैसे गुंतवायला दिलेलं ॲप उघडलं. तिथे माझा आलेख होता तसाच होता, वर वर गेलेला, हिरवा. पैसे काढण्याचं बटण दाबलं. उत्तर आलं, आधी नफ्यावरचा कर वेगळा भरा, मग रक्कम मोकळी होईल. मी सरकारी पेन्शन घेते. कर पैशातून कापून घेतात हे मला माहीत आहे. तुमचेच पैसे तुम्हाला द्यायला कोणी वरून आणखी मागत नाही. हे मला आठवड्यापूर्वीही माहीत होतं. पैसे पाठवायचं खातं दर वेळी बदलायचं, एकदा कापडवाल्याचं, एकदा कुठल्याशा सहल कंपनीचं, हेही दिसलं होतं. मी विचारलंसुद्धा होतं. त्यांनी 'करासाठी सोयीचं पडतं' असं सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं होतं, माझ्या चांगल्या अक्षरात, खाली रेघ मारून. वही समोर पडली होती. गेले, असं मी मनाशी म्हटलं. फार दुखलं नाही, किंवा दुखणं अजून पोचलं नव्हतं. आणि मग भोपळ्या आठवला.

भोपळ्या माझा विद्यार्थी. आता बेचाळीस वर्षांचा, चष्म्याच्या काचा घासण्याच्या कारखान्यात कारागीर. बारा वर्षं पै पै साठवून त्याने आणि त्याच्या बायकोने स्वतःचं यंत्र घेण्यापुरते पैसे जमवले होते. थोडे कमी पडत होते. ते थोडे लवकर जमावेत म्हणून त्याने मला विचारलं होतं. माझ्याच स्वयंपाकघरात, याच टेबलाशी. "बाई, हे माझ्यासाठी चांगलं?" मी हो म्हटलं होतं. नुसतं हो म्हटलं नव्हतं, त्याला गटात घेतलं होतं, ॲप घालून दिलं होतं, त्याचा पहिला गृहपाठ तपासला होता. आणि आज दुपारी दोनच्या सुट्टीत तो सगळी शिल्लक पाठवणार होता.

मी त्याला संदेश पाठवला. 'थांब. पैसे पाठवू नकोस. सगळं खोटं आहे.' एकच खूण उमटली, दुसरी उमटेना. कामाच्या वेळी मोबाइल कपाटात ठेवावे लागतात, हे त्यानेच सांगितलं होतं. सुट्टी झाली की तो मोबाइल हातात घेईल, आणि आधी माझा संदेश बघेल की आधी बँकेचं उघडेल, हे कोण सांगणार. कारखान्याच्या ऑफिसात फोन केला. एक गृहस्थ म्हणाले, "मशीनवर आहे तो. बोलवून काय उपयोग, फोनवर तर त्याला…" आणि थांबले. "निरोप द्याल का?" मी म्हटलं. "देतो की," ते म्हणाले, ज्या स्वरात माणसं देत नाहीत त्या स्वरात. मी चपला घातल्या.

बसमध्ये खिडकीशी जागा मिळाली. बाहेर रस्त्यात दुकानं उघडत होती, एक माणूस शटरला तेल देत होता, आणि मी मात्र दोन महिने मागे जाऊन बसले होते. मला पैशांची हाव नव्हती असं मी म्हणणार नाही, थोडी होती. ती सगळ्यांना असते, आणि ज्याला नसते त्याला हे लोक दुसऱ्या कशाने तरी धरतात. मला त्यांनी वर्गाने धरलं. गटाचं नावच होतं 'पहिली इयत्ता'. निवृत्त झाल्यावर अकरा वाजले की माझे हात खडू शोधायचे. अकराची घंटा व्हायची आणि घरात काहीच व्हायचं नाही. त्यात कोणीतरी म्हणालं, या, बसा, पहिल्यापासून शिकवतो, काही येत नसलं तरी चालेल. रोज गृहपाठ. कोणता शेअर वर गेला, का गेला, पाच ओळींत लिहा. मी पंधरा ओळी लिहायची. दुसऱ्या दिवशी सर माझं नाव घेऊन म्हणायचे, वहीतलं उत्तर बघा, याला म्हणतात अभ्यास. मी जन्मभर मुलांना शाबासकी दिली, त्यांच्या वहीत तारे काढले. मला कोणी काढला होता? त्रेसष्टाव्या वर्षी माझ्या नावापुढे एक पिवळा तारा आला आणि मी शेजारणीला दाखवला. ती म्हणाली, "बाई, म्हातारपणी पहिला नंबर आला म्हणायचा." आम्ही दोघी हसलो. पहिल्यांदा थोडेच भरले, ते वाढून परत मिळाले. मी ते काढून त्याचा नवा पंखा घेतला. गळाला लावतात तो किडा खराच असतो, हे मी मुलांना चित्र काढून शिकवलं होतं.

आणि मला आठवला तो भोपळ्याचा 'भ'. सहा वर्षांचा होता, गालफुगरा, आला तेव्हा त्याच्या घशातून एकच आवाज निघायचा, दार करकरावं तसा. प शिकवायला सोपा. तोंडासमोर कागदाची पट्टी धरायची. प म्हटलं की पट्टी उडते. ब म्हणताना पट्टी जेमतेम हलते, पण गळ्यावर हात ठेवला तर आत काहीतरी थरथरतं. म म्हणताना नाकावर बोट ठेवायचं, नाक गुणगुणतं. भ सगळ्यांत अवघड. त्यात गळाही थरथरायला हवा आणि पट्टीही उडायला हवी. तो गळा आणायचा तेव्हा पट्टी झोपायची, पट्टी उडवायचा तेव्हा गळा मुका व्हायचा. सहा महिने. माझा हात त्याच्या गळ्यावर, त्याचा हात माझ्या. एका सकाळी, मी दुसऱ्याच मुलाकडे बघत असताना, पाठीमागून शब्द आला, "भोपळा." भिंतीवरच्या तक्त्यातला भोपळा. मी वळले तर तो पट्टीकडे बघत होता. स्वतःचं बोलणं त्याला ऐकू आलं नव्हतं, पट्टी उडालेली तेवढी दिसली होती. मुख्याध्यापक म्हणाले, "पहिलाच शब्द भोपळा. गणितात काय होणार याचं?" नाव तेच पडलं. गणितात तो पुढे सगळ्यांच्या पुढे गेला.

पण ही पाचही अक्षरं, इतक्या कष्टाने वेगळी केलेली, डोळ्यांना सारखीच दिसतात. ओठ मिटले, ओठ उघडले. पाय म्हणा, माय म्हणा, बघणाऱ्याला एकच. कुठलं आहे ते मागचे-पुढचे शब्द बघून त्याने ओळखायचं. म्हणून मी मुलांना सांगायची, बोलणाऱ्यावर नुसता विश्वास ठेवू नका, वाक्य जुळतंय का बघा. हे मी सांगायची. बसचा ब्रेक लागला, माझं डोकं खिडकीला आपटलं, आणि एक बाई म्हणाल्या, "आजी, लागलं का?" मी म्हटलं, "नाही हो." लागलं होतं.

कारखान्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने वहीत नाव लिहायला लावलं. "कुणाला भेटायचंय, आजी?" मी काय सांगणार, भोपळ्याला? त्याचं खरं नाव सांगितलं. "तो मुका?" "मुका नाही," मी म्हटलं, "बोलतो. तुम्ही ऐकलं नसेल." तो ओशाळला असावा, कारण स्वतः दाखवायला आला. लांब खोली होती आणि तिला एका बाजूने काच. आत ओळीने चाकं फिरत होती, त्यांवर पाण्याची बारीक धार, आणि प्रत्येक चाकाशी एक माणूस वाकलेला. भोपळ्या तिसरा. काच बोटांत धरून तो ती चाकाला अशी लावत होता की जणू लहान मुलाचा गाल आहे. घड्याळात पाऊण वाजला होता. माझा जीव भांड्यात पडला. सुट्टीला सव्वा तास होता. पहारेकऱ्याने आत जाऊन त्याच्या खांद्याला हात लावला. त्याने वर पाहिलं, मला पाहिलं आणि हसला.

मला थांबवेना. मी काचेशी जाऊन, इतक्या वर्षांच्या सवयीने, तोंड उजेडाकडे करून, स्पष्ट म्हटलं, "पैसे भरू नकोस." त्याचं हसू गेलं. चाक बंद करून, हात पुसत तो बाहेर आला. चेहरा पांढरा पडला होता.

"बाई, कोण मरतंय?"

"काय?"

"तुम्ही म्हणालात. मरू नकोस." त्याचा आवाज अजून तसाच, खरबरीत, शेवटची अक्षरं थोडी गिळणारा. "मी कशाला मरू?"

मला क्षणभर कळेना, आणि मग कळलं. पहिला शब्द त्याचा सुटला होता. भरू, मरू, काचेपलीकडून दोन्ही एकच. "भरू," मी म्हटलं. "भरू. भोपळ्यातला भ." त्याने आपला तळवा माझ्या तोंडासमोर धरला, वर्गात धरायचा तसा. चाकावरच्या पाण्याने गार, घट्टे पडलेला. मी पुन्हा म्हटलं आणि माझा श्वास त्याच्या हाताला लागला. पहारेकरी दुसरीकडे बघू लागला.

"पैसे भरू नकोस. तो सर खोटा आहे. माणूसच नाही. सगळं खोटं."

त्याने हात खाली घेतला. कपाळाला पुसला. "काल भरले," तो म्हणाला.

"आज भरणार होतास ना?"

"अर्धे काल. नवं खातं, पहिल्या दिवशी जास्त जात नाहीत. उरलेले आज." तो बोटांनी दाखवत होता, अर्धे, काल, आज, जणू मला ऐकू येत नाही. "तुम्ही म्हणालात, लवकर भरणाऱ्याला सर पुढे बसवतात. तुम्हाला चांगलं वाटेल म्हणून."

तिथे भिंतीशी एक बाक होता, त्यावर आम्ही बसलो. मी त्याला सगळं शिकवल्यासारखं सांगू लागले. फरशी, छिन्नी, बंद केलेला आवाज, न मिटलेले ओठ. पाच अक्षरांपाशी आले तेव्हा त्याची मान खाली होती. मी त्याच्या गुडघ्यावर थाप मारली, वर बघ म्हणून. त्याने वर पाहिलं, पण माझ्या डोळ्यांकडे नाही.

"मला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"सरांचे ओठ. पहिल्या दिवशी. एक अक्षर कळलं नाही. खालचं लिहिलेलं वाचलं, ते कळलं. ओठ नाही." "मला वाटलं, माझं गेलं. डोळे गेले, वाचणं गेलं. दिवसभर काचा बघतो. बायकोचे ओठ तपासले, मालकाचे तपासले. ते कळत होते. मग वाटलं, मोठ्या माणसांचे कळत नसतील. शिकलेल्या."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलंत, सरांचं समजतं ना? मी मान हलवली."

हलवली होती. मला ती मान आठवली, टेबलापलीकडची, हसरी, दोनदा खालीवर झालेली. आणि तिच्यामागे कितीतरी मानांची रांग दिसू लागली. आमच्या मुलांचा तो पहिला रोग. समजलं नाही म्हटलं की समोरचा वैतागतो, पुन्हा सांगावं लागतं म्हणून उसासा टाकतो, आणि मूल तो उसासा बरोबर वाचतं. म्हणून ते मान हलवायला शिकतं. बोलण्याच्या आधी मान हलवायला शिकतं. मी त्या मानेला कधी भुलले नाही, असा माझा लौकिक होता. काय समजलं ते सांग, असं म्हणून मी उलटं विचारायची. नव्या शिक्षिका माझ्या वर्गात मागे बसून ते बघायच्या. त्याच मी, त्या दिवशी टेबलाशी, त्याला उलटं विचारलं नाही. कारण मला 'हो' हवं होतं. आणि मी तरी काय करत होते दोन महिने, रोज अकराला? सवलतीचे शेअर म्हणजे काय, ते बाहेर विकत का मिळत नाहीत, पैसे कापडवाल्याकडे का जातात, यातलं एक अक्षर मला समजलं नव्हतं, आणि मी मान हलवत होते. मोबाइलला मान दिसत नाही, तरी हलवत होते. तुम्हाला समजलं का, असं सरांनी म्हटलं की नकळत हलायची.

"तुझे डोळे चांगले आहेत," मी म्हटलं. "तुला पहिल्याच दिवशी दिसलं. मला दोन महिने लागले. तेसुद्धा वरच्यांनी फरशी फोडली म्हणून."

त्याने ते ओठांवरून घेतलं, आत नेलं, आणि विचारलं, "तुमचे गेले?"

"गेले."

"किती?"

"फी समज. शिकवणीची."

"महाग शिकवणी," तो म्हणाला, आणि आम्ही हसलो नाही.

मालकाची परवानगी काढायला त्याला पाच मिनिटं लागली. मी त्याला मोबाइल काढायला लावला, त्या ॲपची, गटातल्या संदेशांची, कालच्या पैशांच्या पावतीची चित्रं काढून ठेवायला लावली. काही पुसू नकोस म्हटलं, शरम वाटली तरी पुसू नकोस. फसवणुकीच्या तक्रारींसाठी पोलिसांचा जो क्रमांक असतो, त्यावर मीच बोलले. तिकडच्या माणसाने पहिला प्रश्न विचारला तो, किती वाजता पाठवले. जितकं लवकर कळवाल तितकं बरं, पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, असं तो म्हणाला. कालचे पैसे आत्तापर्यंत किती दारं ओलांडून गेले असतील, असा विचार करत मी भोपळ्याच्या मागून बँकेची पायरी चढले.

टेबलामागची मुलगी माझ्या शेवटच्या तुकडीच्या वयाची असेल. तिने ऐकून घेतलं आणि कळफलकावर बोटं चालवत, पडद्याकडे बघत बोलू लागली. भोपळ्याची मान हलायला लागली. मी म्हटलं, "त्याच्याकडे बघून बोला. त्याचे पैसे आहेत." ती चपापली, मग त्याच्याकडे वळून ओरडल्यासारखं बोलू लागली. "मोठ्याने नको. हळू." तिने मान डोलावली आणि खरंच हळू सांगितलं. त्या खात्यात पैसे पाठवणं बंद केलं आहे, आजचे पैसे जाणार नाहीत, ते सुरक्षित आहेत. कालच्यांसाठी समोरच्या बँकेला कळवते, तिथे काही उरलं असेल तर ते अडकवतील. पण वचन देता येत नाही. मी भोपळ्याला म्हटलं, "काय समजलं ते सांग." त्याने सांगितलं, एक एक करून, बोटांवर मोजत. "अर्धे आहेत. अर्धे माहीत नाही." मुलगी म्हणाली, "बरोबर." तिच्या डोळ्यांत पाणी आल्यासारखं वाटलं, की पडद्याचा उजेड असेल.

मग अर्ज. तो भोपळ्याने स्वतः भरला, त्याचं अक्षर माझ्यासारखंच आहे, कारण ते माझ्याकडूनच घेतलेलं. एका रकान्यापाशी थांबला. 'योजनेची माहिती कोणाकडून मिळाली?' त्याने लिहिलं, 'मोबाइलवर.' मी कागद माझ्याकडे ओढला, ते खोडलं आणि माझं पूर्ण नाव लिहिलं. पुढे लहान अक्षरांत 'तक्रारदाराशी नाते' असं होतं. तिथे लिहिलं, शिक्षिका.

त्याने कागदावर हात ठेवला. "बाई, नको. तुम्ही चोर नाही."

"चोर कोण, ते त्यांनी विचारलेलं नाही. कोणाकडून कळलं, एवढंच विचारलंय."

"पोलिस घरी येतील."

"येऊ देत. चहा देईन."

"नको," तो म्हणाला. मी त्याचा हात बाजूला केला आणि सांगायला तोंड उघडलं, जे कारखान्यातल्या बाकावर सांगायचं राहून गेलं होतं, फरशी आणि ओठ आणि अक्षरं यांच्या गर्दीत मीच मागे ठेवलं होतं. त्याने माझ्याकडे पाहिलं, काय येणार ते ओळखलं आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

आमची मुलं असं करतात. ऐकायचं नसलं की डोळे मिटतात. त्यांच्यापाशी तेवढं एकच दार असतं आणि ते त्यांच्याच हातात असतं. बेचाळीस वर्षांचा माणूस बँकेच्या खुर्चीत डोळे मिटून बसला होता, भुवया आवळून. मुलगी हळूच म्हणाली, "त्यांना बरं वाटत नाहीये का?"

"बरं आहे," मी म्हटलं. "ऐकत नाहीये."

शाळेत काहीजणी अशा वेळी हनुवटी धरून मूल हलवायच्या. मी थांबायची. डोळे मिटून कायमचं कोणाला बसवत नाही. आधी पापण्या थरथरतात, मग बारीक फट पडते, समोरचा गेला का ते बघायला. मी खुर्ची पुढे ओढली. माझं तोंड खिडकीच्या उजेडात येईल अशी बसले. मागे रांगेत कोणी खोकलं, कोणी टोकन क्रमांक पुकारला, मुलीने आपलं काम थांबवलं. मी वाक्य तयार ठेवलं होतं. लहान, साधं, पहिलीच्या पोराला कळेल असं. एक मिनिट गेलं असेल, अधिक गेलं असेल. त्याने डोळे उघडले.

"चूक माझी," मी म्हटलं. "मला समजलं नव्हतं, आणि मी तुला शिकवलं."

तो माझ्या ओठांकडे बघत राहिला. मान हलली नाही.

"पुन्हा," तो म्हणाला.

त्याला कळलं नव्हतं की कळूनही पुन्हा हवं होतं, ते मी विचारलं नाही. पुन्हा सांगितलं, आणखी हळू.